आई ए, बाबा बी आणि मुलगी ओ निगेटिव्ह: असं होऊ शकतं का?

तिन्हीसांज

नमस्कार मंडळी, धागा काढू की नको यात दोन दिवस गेले पण आता राहवत नाहीये म्हणून लिहितेय.

मुलगी १३ वर्षांची आहे. शाळेत आनुवंशिकतेचा पाठ सुरू आहे आणि घरातल्या सगळ्यांचे रक्तगट वहीत लिहून आणायला सांगितले होते. माझा ए पॉझिटिव्ह, नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह. तिचा मागच्या महिन्यात ताप आला तेव्हा बाकीच्या टेस्टबरोबर पहिल्यांदाच तपासला, तो निघाला ओ निगेटिव्ह. तेव्हा मी रिपोर्ट नीट बघितलाही नव्हता. तिनं मात्र वहीत तिन्ही एकाखाली एक लिहिले आणि मला विचारलं, "आई, तुमच्या दोघांत ओ पण नाही आणि निगेटिव्ह पण नाही, मग माझ्यात आलं कुठून?"

मला उत्तर देता आलं नाही. "असतं गं तसं" म्हणून वेळ मारून नेली आणि तिथेच चुकले, कारण दुसऱ्या दिवशी वर्गातल्या कुणीतरी तिला सांगितलं की असं असेल तर ते मूल दत्तक असतं. त्यानंतर ती गप्पच आहे. मी तिला जन्म दिलाय, मला शंका असायचं कारणच नाही, नवऱ्यालाही नाही. पण तिला पटेल असं नीट समजावून सांगायचंय, "असतं तसं" हे उत्तर तिला चालणार नाही आणि मलाही आता चालत नाहीये. कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

नळी_आणि_स्लाइड

ताई, आधी एक गोष्ट, काळजी करू नका, ए आणि बी आईबाबांना ओ मूल होतं. दोन पॉझिटिव्ह आईबाबांना निगेटिव्ह मूलसुद्धा होतं. मी रक्तपेढीत १९ वर्षं टेक्निशियन आहे, अशी घरं सतत बघतो.

आता कसं ते सांगतो. रक्तगटाचं जनुक प्रत्येकाकडे दोन प्रतींत असतं, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. या जनुकाचे ढोबळ प्रकार तीन, ए, बी आणि ओ. कार्डावर आपण एकच अक्षर लिहितो पण आत दोन असतात. ज्याच्या कार्डावर ए आहे तो आतून एए असेल किंवा एओ असेल, बाहेरून दोघं सारखेच दिसतात कारण ए असला की ओ झाकला जातो. बी चं पण तसंच, बीबी किंवा बीओ. एबी म्हणजे एक ए आणि एक बी, दोघंही तेवढ्याच जोरात दिसतात, कुणी कुणाला झाकत नाही. आणि कार्डावर ओ यायचा असेल तर मात्र दोन्ही प्रती ओ लागतात.

तुम्ही एओ आहात आणि तुमचे मिस्टर बीओ आहेत. तुम्ही मुलीला तुमच्या दोनातली एकच प्रत देणार होता, तुमच्याकडून ओ गेला, त्यांच्याकडूनही ओ गेला, झाली मुलगी ओ.

निगेटिव्हचं गणित वेगळ्या जनुकाचं आहे पण चाल तीच. पॉझिटिव्ह म्हणजे लाल पेशीवर डी नावाचं प्रथिन आहे, निगेटिव्ह म्हणजे ते नाही. एका प्रतीत डी असला तरी माणूस पॉझिटिव्ह दिसतो, त्यामुळे दोघांकडे एकेक "डी नसलेली" प्रत लपलेली असू शकते. तीच दोघांकडून गेली.

मुलीला असं सांगा की तुझ्यात जे आहे ते सगळं आमच्यात होतंच, फक्त आमच्या कार्डावर दिसत नव्हतं.

तिन्हीसांज

शेवटचं वाक्य वाचून डोळ्यात पाणी आलं दादा. पण तुम्ही इतकं खात्रीनं "तुम्ही एओ आहात" कसं म्हणालात, माझी तर तशी काही टेस्ट झालेली नाही?

नळी_आणि_स्लाइड

मुलगीच तुमची टेस्ट आहे. एए असता तर तुमच्याकडे द्यायला ओ नव्हताच. रक्तपेढीतल्या नेहमीच्या तपासणीत एए आणि एओ वेगळे कळत नाहीत, डीएनए बघावा लागतो, पण मुलांकडे बघून आईबाबांचं कळतं.

गणितवेडा

शक्यता मांडतो, वर्गातल्या मुलांना दाखवायला कामाला येईल.

एओ आणि बीओ आईबाबा असतील तर चार जोड्या बनतात, एबी, एओ, बीओ, ओओ. म्हणजे एबी, ए, बी, ओ चारही रक्तगटांची मुलं होऊ शकतात आणि प्रत्येकाची शक्यता ४ त १. एकाच घरात चार भावंडं चार रक्तगटांची असू शकतात. निगेटिव्हचं पण असंच, दोघांकडे एकेक लपलेली प्रत असेल तर ४ त १. ही दोन जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, एबीओ नवव्या आणि आरएच, म्हणजे पॉझिटिव्ह निगेटिव्हचं, पहिल्या गुणसूत्रावर, त्यामुळे एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही आणि सरळ गुणाकार करायचा, १६ त १. कमी आहे पण अशक्य अजिबात नाही, दोन नाणी दोनदा उडवून चारही वेळा छापा यावा तितकंच.

एक मात्र लक्षात ठेवायचं, ४ त १ म्हणजे पहिली तीन मुलं दुसऱ्या गटाची झाली की चौथं ओ होणारच असं नाही. प्रत्येक मुलाच्या वेळी फासे नव्याने पडतात.

जुनाजाणता

माहिती छान आहे. म्हणजे मुलीच्या आजीआजोबांपैकी दोन्हीकडे कुणीतरी ओ असणारच ना? ते शोधून मुलीला दाखवा, लगेच पटेल.

नळी_आणि_स्लाइड

नाही काका, तसं बंधन नाही. ताईंचे आईवडील दोघंही ए असू शकतात आणि त्यातल्या एकाच्या पोटात, म्हणजे एओ मध्ये, तो ओ लपून आलेला असू शकतो. ओ कितीही पिढ्या न दिसता चालत येतो. म्हणून आजीआजोबांत ओ सापडला नाही तर मुलगी पुन्हा घाबरेल, तो मार्ग नको.

जुनाजाणता

बरोबर, हे डोक्यात आलं नव्हतं. दुरुस्तीबद्दल आभार. मग अजून एक विचारतो, ए आणि बी जर ओ ला झाकतात तर हळूहळू ओ कमी व्हायला हवा होता, तरी जगभर बघितलं तर ओ चीच माणसं सगळ्यात जास्त कशी?

गणितवेडा

हा गैरसमज खूप जणांचा असतो आणि अगदी स्वाभाविक आहे. "प्रभावी" या शब्दाचा अर्थ एवढाच की दोघं एकत्र आले तर कोण दिसतो. कोण किती लोकांत आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. झाकला गेलेला ओ नष्ट होत नाही, तो तसाच पुढच्या पिढीत जातो आणि जोडीदार ओ मिळाला की दिसतो.

याच मोजणीतून रक्तगटाचा वारसा खरा कसा चालतो ते कळलंय, त्याची गोष्ट मला फार आवडते म्हणून लांबण लावतो. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांवर लेख छापला, पुढे १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. रक्तगट आनुवंशिक आहेत हे १९१० मध्ये फॉन डुंगर्न आणि हिर्शफेल्ड यांनी घराघरातले रक्तगट तपासून दाखवलं. पण त्यांचा समज असा होता की ए साठी एक जनुक आणि बी साठी दुसरं स्वतंत्र जनुक आहे. तसं असतं तर एबी माणसाला ओ मूल सहज झालं असतं. पुढे पहिल्या महायुद्धात हिर्शफेल्ड पतिपत्नींनी ग्रीसमधल्या सलोनिका इथे वेगवेगळ्या देशांच्या हजारो सैनिकांचे रक्तगट तपासून ठेवले. मग १९२४ मध्ये फेलिक्स बर्नश्टाइन या गणितज्ञाने लोकसंख्येतले हे आकडे घेऊन बघितलं की दोन स्वतंत्र जनुकं धरली तर एबी लोक जितके असायला हवेत तितके प्रत्यक्षात नाहीतच, आकडे जुळतात ते एकाच जागी बसणारी तीन रूपं धरली तरच. म्हणजे चौदा वर्षं चाललेली चूक एका माणसाने कागद पेन्सिल घेऊन दुरुस्त केली.

ओलीमाती

नुसती वाचत होते पण गणितवेडा यांच्या "एबी माणसाला ओ मूल" या वाक्यावर थांबले. इथे माझं खरं नाव नाही म्हणून लिहायचं धाडस करतेय.

माझे बाबा एबी पॉझिटिव्ह. आई ओ पॉझिटिव्ह. मी ओ पॉझिटिव्ह. मी अकरावीत असताना जीवशास्त्राच्या पुस्तकात तो तक्ता बघितला, एबी आणि ओ ची मुलं फक्त ए किंवा बी. तेव्हापासून हे मनात आहे, आता मी ३४ वर्षांची आहे. कुणालाच विचारलं नाही, आईला नाही, बाबांना तर नाहीच. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. मी अगदी त्यांच्यासारखी दिसते असं सगळे म्हणतात आणि प्रत्येक वेळी ते ऐकून मला बरं वाटायच्या ऐवजी पोटात गोळा येतो. तिन्हीसांज ताई, तुमच्या मुलीला नीट सांगा, लवकर सांगा. एवढंच म्हणायला आले होते.

तिन्हीसांज

अगं किती वर्षं हे एकटीने सांभाळलंस. इथे लिहिलंस ते बरं केलंस.

नळी_आणि_स्लाइड

ओलीमाती ताई, तुमचं वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलोय. पुस्तकातला तक्ता चुकीचा नाही, पण तो तक्ता असं धरून चालतो की तिघांचेही रक्तगट बरोबर लिहिलेले आहेत. माझ्या १९ वर्षांत तक्त्यात न बसणारं घर आलं की बहुतेक वेळा कागद चुकलेला निघालाय. म्हणून पहिला प्रश्न तुमच्या घराबद्दल नाही, कागदांबद्दल विचारायचा. बाबांचा एबी कुठे लिहिलेला होता? कुणी तपासला होता? तुमचा ओ कधी तपासला, मोठेपणी की जन्मल्यावर?

का विचारतोय ते सांगतो. रक्तगट दोन बाजूंनी तपासायचा असतो. एका बाजूने तुमच्या लाल पेशी घेऊन त्यात अँटी ए आणि अँटी बी, म्हणजे ए किंवा बी असलेल्या पेशींच्या गुठळ्या करणाऱ्या अँटीबॉडी, टाकायचं, निळी आणि पिवळी बाटली असते ती, आणि रक्त कशात दाणेदार होतं ते बघायचं. याला आम्ही फॉरवर्ड म्हणतो. दुसऱ्या बाजूने तुमचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशी सोडून उरलेला पातळ भाग, घ्यायचा आणि त्यात माहितीतल्या ए पेशी आणि बी पेशी टाकायच्या, हे रिव्हर्स. ए गटाच्या माणसाच्या प्लाझ्मात अँटी बी असतं, बी वाल्याच्यात अँटी ए, ओ मध्ये दोन्ही, एबी मध्ये एकही नाही. दोन्ही बाजूंची उत्तरं जुळली तरच गट पक्का. शिबिरात, नोकरीला लागताना, शाळेच्या कार्डासाठी वगैरे जी घाईची तपासणी होते ती पुष्कळदा काचेच्या स्लाइडवर नुसती फॉरवर्ड असते. थेंब सुकत आला की दाणेदार झाल्याचा भास होतो, नमुने अदलाबदल होतात, रजिस्टरवरून कार्डावर उतरवताना वरच्या ओळीतलं खाली जातं.

आणि नवजात बाळाचं तर वेगळंच. बाळाच्या पेशींवर ए बी च्या खुणा पूर्ण तयार झालेल्या नसतात, आणि स्वतःच्या अँटीबॉडी साधारण ३ ते ६ महिन्यांनी बनायला लागतात, त्यामुळे बाळाचं रिव्हर्स करताच येत नाही. जन्मल्यावर लिहिलेला गट मोठेपणी परत तपासून घ्यावा तो यासाठी.

पाखरू

मधेच विचारते, माफ करा. माझा ओ निगेटिव्ह आहे, नवरा बी पॉझिटिव्ह आणि पाचवा महिना चालू आहे. तुमच्या बोलण्यावरून कळलं की बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. मला इंजेक्शन लागेल असं डॉक्टर म्हणाल्या पण घाईत होत्या, का लागेल ते कळलं नाही. आणि सासूबाई म्हणतात की नवराबायकोचा गट एक असता तर त्रास झाला असता, हे खरं का?

नळी_आणि_स्लाइड

आधी सोपं. नवराबायकोचा गट एक असण्याने मुलांना कसलाही धोका नाही, ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे.

धोका असतो तो आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असताना. बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं, आईच्या शरीराला डी अनोळखी असतो म्हणून ते त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. पहिलं बाळ साधारणपणे सुखरूप असतं कारण तोवर वेळ गेलेली असते, पण पुढचं बाळ पॉझिटिव्ह असेल तर त्या अँटीबॉडी वारेतून बाळापर्यंत जाऊन त्याच्या लाल पेशी फोडतात. अँटी डी चं इंजेक्शन आईचं शरीर हे शिकायच्या आधीच ते थांबवतं. साधारण २८ व्या आठवड्यात एक आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत एक, अशी पद्धत आहे. गर्भपात झाला किंवा मधे रक्तस्राव झाला तरीही विचारायचं. १९६८ च्या सुमाराला हे इंजेक्शन वापरात आलं, त्याआधी या एका कारणाने किती बाळं जायची. कृपया डॉक्टरांना स्वतःहून आठवण करा.

तुम्ही ओ आहात आणि बाळ बी झालं तर काविळीकडे थोडं लक्ष ठेवतात, ते बहुतेक वेळा सौम्य असतं.

तिन्हीसांज ताई, हेच तुमच्या मुलीलाही मोठी झाल्यावर लागणार आहे. तिला आत्ताच पाठ करून ठेवू द्या की मी ओ निगेटिव्ह. आणि रिपोर्ट एकदाच झालाय म्हणताय तर एकदा रक्तपेढीत परत करून घ्या.

पाखरू

खूप खूप आभार दादा. २८ वा आठवडा फोनमध्ये टाकून ठेवला.

दुर्मिळ_एक

ओलीमाती यांच्यासाठी माझी गोष्ट सांगतो. माझे वडील एबी, आई बी, आणि मी शाळेपासून "ओ पॉझिटिव्ह". पहिल्यांदा रक्तदान करायला गेलो तेव्हा रक्तपेढीतल्या मॅडमनी दोन दिवसांनी फोन करून परत बोलावलं. माझ्या प्लाझ्मात ए पेशी गोळा होत होत्या, बी होत होत्या, आणि चक्क ओ पेशी पण गोळा होत होत्या. खऱ्या ओ माणसात ते कधीच होत नाही. मी ओ नाहीच, मी बॉम्बे रक्तगटाचा आहे.

मॅडमनी मला खुंटीच्या उदाहरणाने समजावलं होतं. लाल पेशीच्या पृष्ठभागावर आधी एच नावाची खुंटी लागते. ए चं जनुक एक एन्झाइम बनवतं, ते त्या खुंटीवर एक साखर अडकवतं. बी चं एन्झाइम वेगळी साखर अडकवतं. ओ चं जनुक थोडं तुटलेलं असतं म्हणून त्याचं एन्झाइम काहीच अडकवत नाही, खुंटी रिकामी राहते. माझ्यात खुंटीच नाही. खुंटी बनवणारं जनुक वेगळ्या जागी आहे, एकोणिसाव्या गुणसूत्रावर, आणि मला आई आणि वडील दोघांकडून त्याची बिघडलेली प्रत आली. त्यांच्याकडे एकेक चांगली होती म्हणून त्यांना काही कळलंच नाही. माझ्यात ए किंवा बी चं जनुक आहे, पण ते अडकवणार कुठे? म्हणून तपासणीत मी ओ दिसतो.

हे मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलं आणि १९५२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं, नाव त्यावरून पडलंय. भारतात साधारण १०,००० त एक माणूस असा असतो. मला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं, ओ चाललं तर नाहीच, उलट जिवावर बेतेल. त्यामुळे ज्यांना तक्त्यात न बसणारा ओ मिळालाय त्यांनी ही तपासणी करून घ्याच, घरातला संशय मिटावा म्हणून नाही फक्त, उद्या अपघात झाला तर कुणीतरी साधं ओ रक्त लावेल म्हणून.

गणितवेडा

तुमच्या गोष्टीत अजून एक पदर आहे. तुमच्यात लपलेलं बी चं जनुक असेल आणि तुमची बायको साधी ओ असेल, तर तिच्याकडून मुलाला खुंटी मिळणार, तुमच्याकडून बी मिळणार, म्हणजे दोन "ओ" माणसांना बी मूल. कार्डं बघणारा म्हणेल अशक्य.

दुर्मिळ_एक

आमच्याकडे तेच झालंय. बायको ओ, मुलगा बी पॉझिटिव्ह. आम्हाला आधी माहीत होतं म्हणून आम्ही आनंदाने एकमेकांकडे बघितलं. माहीत नसतं तर त्या दवाखान्यातल्या खोलीत काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो.

इतिहासप्रेमी

रक्तगटावरून वडील कोण हे ठरवायची घाई कोर्टानेसुद्धा केलेली आहे, पण उलट्या बाजूने. चार्ली चॅप्लिन यांच्यावर पितृत्वाचा खटला झाला होता. चॅप्लिन ओ, मुलीची आई ए, मुलगी बी. आईकडून बी येऊ शकत नाही, चॅप्लिन यांच्याकडूनही नाही, म्हणजे बी दुसऱ्याच कुणाकडून आलेला. १९४४ च्या रक्ततपासणीत डॉक्टरांनी ते वडील नाहीत असं सांगितलं. तरी १९४५ मध्ये ज्युरीने तेच वडील असा निकाल दिला आणि त्यांना पोटगी भरावी लागली, कारण तिथल्या कायद्यात तेव्हा ही तपासणी शेवटचा पुरावा मानली जात नव्हती.

मला यातून कळलेलं असं की रक्तगट "हाच बाप" असं कधीच सांगू शकत नाही, एकाच गटाची लाखो माणसं असतात. फार तर "हा नाही" असं सुचवू शकतो आणि तेही वर सांगितलेले अपवाद तपासल्यावर. खरंच ठरवायचं असेल तर डीएनए.

नळी_आणि_स्लाइड

अनुमोदन. अपवादांत अजून दोनतीन भर घालतो. ए चे काही उपप्रकार इतके कमजोर असतात की फॉरवर्डमध्ये दिसतच नाहीत आणि माणूस ओ लिहिला जातो, रिव्हर्स केलं की अँटी ए सापडत नाही तेव्हा पकडला जातो. दुसरा सिस एबी, यात ए आणि बी दोन्हींचं काम करणारं एकच जनुक एकाच गुणसूत्रावर असतं, म्हणून अशा एबी माणसाला खरोखर ओ मूल होऊ शकतं. हे फार विरळ, कोरिया जपानकडे त्यातल्या त्यात जास्त. आणि ज्यांचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालंय त्यांचा रक्तगट दात्याचा होतो, पण मुलांना देण्याचं जनुक मात्र जुनंच राहतं, ते विसरू नका.

ओलीमाती ताई, पण मी सांगतो तो क्रम तोच ठेवा. आधी कागद, मग विरळ गोष्टी. तुमचा स्वतःचा गट रक्तपेढीत दोन्ही बाजूंनी करून घ्या. आणि बाबांचा एबी कुठून आला ते कळवा.

ओलीमाती

बाबांचा एबी त्यांच्या नोकरीच्या ओळखपत्रावर होता. मी लहानपणापासून तेच बघत आले, शाळेच्या फॉर्मवरही आईने तेच बघून लिहिलं असणार. दुसरीकडे कुठे बघितल्याचं आठवत नाही. माझा मी उद्या करून घेते.

तिन्हीसांज

मंडळी, अपडेट देते. आम्ही तिघांनीही परत तपासून घेतलं. मी ए पॉझिटिव्ह, हे बी पॉझिटिव्ह, ती ओ निगेटिव्ह, काही बदललं नाही. टेबलावर कागद घेऊन तिच्याबरोबर बसले, तीन रंगांची बटणं घेतली, माझ्या वाटीत एक ए आणि एक ओ, ह्यांच्या वाटीत एक बी आणि एक ओ, आणि तिला डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक उचलायला सांगितलं. सोळाव्या की सतराव्या वेळेपर्यंत सगळे गट येऊन गेले. मग तिने स्वतःच डी ची बटणं वाढवली. रात्री झोपताना म्हणाली, "म्हणजे तुमच्यात काय लपलंय ते माझ्यामुळे कळलं." आज वर्गात समजावून सांगणार आहे.

जुनाजाणता

वा! मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

ओलीमाती

तीन आठवड्यांनी लिहितेय. माझा गट रक्तपेढीत दोन्ही बाजूंनी झाला, ओ पॉझिटिव्ह, ओ पेशींशी काही झालं नाही, म्हणजे बॉम्बे नाही, साधी ओ. तो रिपोर्ट हातात आला तेव्हा खरं सांगते, पुन्हा अंधारून आलं.

मग बाबांच्या कपाटातली फाईल काढली. सहा वर्षांपूर्वी त्यांचं बायपास झालं होतं त्या वेळची. दोन वर्षं ती फाईल उघडायची हिंमत झाली नव्हती. त्यात रक्तपेढीचा कागद आहे, तीन बॅगा दिल्याचा. बाबांच्या नावापुढे लिहिलंय बी पॉझिटिव्ह. बॅगाही बी पॉझिटिव्ह.

नळी_आणि_स्लाइड

ताई, जरा थांबा, पक्कं करू. एबी माणसाला बी ची बॅग चालते, त्यामुळे नुसत्या बॅगेवरून ठरवू नका. त्या कागदावर खाली किंवा मागे तपासणीची नोंद असेल तर बघा. ए सेल्स, बी सेल्स असं काही लिहिलंय का?

ओलीमाती

आहे. अँटी ए निगेटिव्ह, अँटी बी ४ प्लस, अँटी डी ४ प्लस. त्याखाली ए सेल्स ४ प्लस, बी सेल्स निगेटिव्ह. दोन वेगळ्या तारखांना दोनदा तपासलंय, दोन्हीकडे हेच.

नळी_आणि_स्लाइड

मग संपलं. त्यांच्या पेशींवर ए नव्हता आणि प्लाझ्मात भरपूर अँटी ए होतं. एबी माणसात अँटी ए असूच शकत नाही. तुमचे बाबा बी होते, ओळखपत्रावरचा एबी चुकीचा होता. बी बाबा आणि ओ आईची ओ मुलगी, बाबांकडून ओ आला, म्हणजे ते बीओ. तक्त्यात अगदी सरळ बसता तुम्ही.

ओलीमाती

मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं तुमचं उत्तर आणि तिथेच रडले. संध्याकाळी आईकडे गेले आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं, अकरावीपासूनचं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं ते कार्ड चुकलेलं होतं हे त्यांना माहीत होतं, ऑपरेशनच्या वेळी कळलं तेव्हा बदलून घेतो म्हणाले होते आणि राहून गेलं. तू एकदा विचारायचं होतंस."